दाभोळची तर

कस्तुरबा गांधी मार्गाला सेवानिवृत्तीस टेकलेली मंडळी बोलण्याच्या ओघात अजूनही ‘कर्झन रोड’ म्हणून जातात. पाटी बदलून कित्येक दशके लोटली, तरी जिभेवरची पाटी बदलत नाही. याच मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन उघडले, आणि तेव्हापासून आम्हा दिल्लीवासी मराठी कारकुनांना या रस्त्याने जाताना उगाचच आपल्या गावच्या वेशीवरून गेल्यासारखे वाटते. आमची कचेरी तेथून फार दूर नाही. काही महिन्यांपूर्वी त्या कचेरीत एक जुनी नस्ती चाळीत असता आमच्या टेबलावर ‘दाभोल’ हा शब्द आला. शेजारी बसणारे आमचे वरिष्ठ सहकारी मूळचे पूर्व उत्तर प्रदेशचे. ते म्हणाले, “दाभोल, यानी बिजलीघर?” आम्ही स्वाभिमानाने उत्तर दिले, “नहीं, दाभोळ तो बंदर है.” यावर सगळी खोली हसली. हिंदीत बंदर म्हणजे माकड, हे भान आम्हाला एका क्षणाने उशिरा आले.

हसणे विरले, पण तो प्रश्न मनात राहिला. दिल्लीच्या दप्तरात दाभोळ हे नाव विजेच्या प्रकल्पाखेरीज दुसऱ्या कशासाठी आले आहे काय? १९९२ साली अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी प्राथमिक करार झाला. १९९४ साली केंद्र सरकारने त्यास प्रतिहमी दिली. १९९५ साली महाराष्ट्रातील नव्या सरकारने तो करार मोडला आणि मग नव्या अटींवर पुन्हा केला. १९९९ च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात बंदही पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. या साऱ्या व्यवहाराने किती नस्त्या फुगल्या असतील, याची कल्पना आमच्या वाचकांना आम्ही काय द्यावी! त्यांतील काहींनी त्या स्वतः बांधल्याही असतील. परंतु गंमत अशी की हा प्रकल्प दाभोळात नाही. तो खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल आणि वेलदूर यांच्या परिसरात आहे. दाभोळ उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. मधे वाशिष्ठीचे विस्तीर्ण मुख. ज्या गावाचे नाव जगभर गाजले त्या गावाने तो प्रकल्प पलीकडच्या काठावर नुसता पाहिला. आणि नावातला ‘ळ’ तर दिल्लीला पोहोचेपर्यंत वाटेतच गळून पडला.

‘पलीकडे’ हा शब्द आम्ही सहज लिहिला, पण तो आमच्या आजीचा आहे. तिचे माहेर धोपाव्याचे आणि सासर दाभोळच्या वरच्या अंगाचे. माहेर हा शब्द ती फारसा वापरीत नसे. ‘पलीकडे जायचे आहे’ म्हणे. आणि जायचे ते ‘तरीवर’. शहरात वाढलेल्या मुलांना ‘तर’ म्हणजे केवळ ‘जर-तर’ मधला तर; पण कोकणात तर म्हणजे माणसे पार नेणारी नाव, आणि जेथून ती सुटते ती जागाही तरच. शब्द मोठा जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पार होण्याच्या करास तेथे ‘तरदेय’ म्हटले आहे. तो कर कोणास माफ, याची यादीही कौटिल्य देतो : ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, गर्भिणी, आणि राजाचे आज्ञापत्र घेऊन जाणारा. यातील शेवटचा मान सरकारी नोकरांच्या पासाचा मूळपुरुष होय, असे आम्ही मानतो. अलिबागच्या वाटेवरील धरमतर या नावातही हीच तर दडलेली आहे.

दाभोळच्या तरीचा इतिहास सांगायचा म्हणजे प्रथम दाभोळ बंदराचा सांगावा लागतो, कारण बखरी, प्रवासवर्णने, परकी कागद या साऱ्यांची नजर बंदरावर आहे. मोठी खाडी, मुखाशी उत्तरेस डोंगराच्या कुशीत गाव, दक्षिणेस अंजनवेलचा भूशिर, आणि आत चिपळूणपर्यंत भरतीच्या पाण्यावर चालणारा जलमार्ग. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाड, आणि तेथून सारा दख्खन मोकळा. बहामनी राजांना घोडे हवे होते, आणि घोडे अरबस्तान व इराणातून समुद्रमार्गे येत. म्हणून दाभोळ थोरावले. १४५३ साली इराणातील गीलानचा एक व्यापारी याच बंदरात उतरला आणि बीदरला गेला. तोच पुढे बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान. त्याच्या हाती राज्य अखेरच्या वैभवास पोहोचले, आणि १४८१ साली त्याच राज्याने त्याचा शिरच्छेद केला.

१४७२ च्या सुमारास रशियातील त्वेर नगरीचा अफनासी निकितीन दाभोळास आला. चौलला उतरून, बीदर पाहून, धर्म आणि घर यांच्या विरहाने कासावीस झालेला हा मनुष्य परतीची वाट शोधीत होता. होर्मुझला जाणाऱ्या गलबतावर त्याने दोन सोन्याची नाणी भाडे देऊन जागा मिळवली. वाऱ्याने त्याला आधी आफ्रिकेच्या किनाऱ्यास नेले, मग कोठे तो मस्कत करून होर्मुझला पोहोचला. घरी मात्र पोहोचला नाही. मायदेशाच्या वाटेवरच त्याचा अंत झाला. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्यापूर्वी पाव शतक एक युरोपीय दाभोळच्या धक्क्यावर भाड्याची घासाघीस करीत उभा होता, हे चित्र आम्हाला मोठे मनोहर वाटते. घरापासून दूर बसून घरची वाट पाहणाऱ्यांचा तो जुना सोबतीच म्हणायचा.

यापुढील चित्र मनोहर नाही. १५०८ च्या मार्च महिन्यात चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेइदा याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. बापाने सूड घेण्यासाठी आरमार काढले आणि डिसेंबरच्या अखेरीस तो दाभोळवर उतरला. ज्या इजिप्ती आरमाराने त्याचा मुलगा मारला ते तेव्हा दीवकडे होते. दाभोळचा त्या मृत्यूशी काय संबंध होता हे दाभोळच्या लोकांना कोणी सांगितले नसावे. पोर्तुगीजांनी गाव जाळले, बायका, मुले कोणी पाहिले नाही. पुढे ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवची लढाई जिंकून आल्मेइदाने आपला सूड पुरा केला. पण ‘दाभोळवर पडला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर पडो’ असा शाप दख्खनमध्ये रूढ झाल्याचे खुद्द पोर्तुगीज इतिहासकारच नमूद करतात. शाप देणाऱ्यांच्या तोंडी गावाचे नाव राहिले. तशा नावलौकिकाची कोणास हौस असणार?

आश्चर्य याचे की काही वर्षांतच दुआर्ते बार्बोझा या दुसऱ्या पोर्तुगीजास दाभोळ पुन्हा गजबजलेले दिसले. मक्का, एडन, होर्मुझ येथून घोडे येत होते; तांबे, पारा, हिंगूळ खाडीतून वर देशावर चढत होते, आणि धान्य व कापड खाली उतरत होते. सोळाव्या शतकात आणखीही जाळपोळ झाली, आणि प्रत्येक वेळी गाव पुन्हा उभे राहिले. आम्ही इतिहास वाचताना जाळपोळीच्या सनावळ्या टिपून घेतो आणि पुन्हा उभारणीचा सन कोठेही टिपलेला नसतो. जळणे एका रात्रीत होते म्हणून त्यास तारीख असते. घरावर पुन्हा छप्पर चढवण्यास, होडीस पुन्हा डांबर फासण्यास तारीख कोठून येणार?

विजापूरकरांच्या अमदानीत दाभोळास मुस्तफाबाद असे नाव मिळाले. नाव दप्तरात चालले. लोक दाभोळच म्हणत राहिले. त्या काळाची खूण म्हणजे धक्क्यापासून थोड्याच अंतरावर उभी असलेली काळ्या दगडाची मशीद. घुमट आणि चार मिनार असलेली ही इमारत खाडीकडे पाहत उभी आहे आणि विजापूरची आठवण करून देते. तिची कथा अशी सांगतात की विजापूरच्या राजघराण्यातील एक स्त्री मक्केस जाण्यासाठी मोठ्या लवाजम्यासह दाभोळास आली. समुद्रावर चाचेगिरी माजलेली, त्यामुळे तिला पुढे जाता येईना. तेव्हा यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने येथेच मशीद बांधण्यास लावले. ‘माँसाहेबांची मशीद’ म्हणतात ती हीच. कथेतील तपशील कसाही असो, ज्या धक्क्यावरून पार जाता आले नाही तेथेच मुक्कामाची खूण उभारावी, ही कल्पना खाडीकाठच्या माणसालाच सुचावी.

१६६१ च्या आरंभी उंबरखिंडीत कारतलबखानाचा मोड करून शिवाजी महाराज कोकणात उतरले आणि दाभोळ स्वराज्यात आले. या गावाचे मराठ्यांच्या इतिहासातील दुसरे स्थान मात्र वेदनेचे आहे. दाभोळची देशमुखी शिर्क्यांना हवी होती. महाराजांची कन्या राजकुंवर गणोजी शिर्क्यांस दिलेली. तिला पुत्र झाला म्हणजे देशमुखी त्यास देऊ, असे महाराजांनी म्हटले होते. पुढे संभाजी महाराजांच्या काळी हा प्रश्न चिघळला आणि शिर्के मोगलांस मिळाले. आम्ही शाळेत शिर्क्यांची फितुरी शिकलो, पण ज्या वतनावरून ती झाली ते हे आमच्या आजीच्या खाडीकाठचे गाव, हे कोणत्याही गुरुजींनी सांगितले नाही.

पुढील शतकात दोन तीरांवर दोन सत्ता होत्या असे पुष्कळदा घडले. १६९९ साली दक्षिण तीरावरील अंजनवेल जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेले. अंजनवेल आणि चिपळूणजवळचे गोवळकोट सांभाळणारा सिद्दी सात याने १७२७ साली परशुरामाच्या देवस्थानावर हल्ला केला. ब्रह्मेंद्रस्वामींच्या हत्तीवरून उद्भवलेले ते प्रकरण प्रसिद्धच आहे. १७३६ साली चिमाजी अप्पाने सिद्दी सातास लढाईत मारले, तरी अंजनवेल सिद्दीकडेच राहिले. ते घेतले तुळाजी आंग्र्याने १७४५ साली, आणि किल्ल्यास गोपाळगड हे नाव मिळाले. दहा-अकरा वर्षांत तुळाजी बुडाला, किल्ला पेशव्यांकडे आला, आणि १८१८ साली इंग्रजांकडे. या साऱ्या काळात पलीकडच्या किल्ल्यावरील निशाण बदलत होते, पण धोपाव्याची मुलगी दाभोळास दिली जाण्याचे काही थांबले नसणार. सोयरीक निशाण पाहून होत नसते, भरती-ओहोटी पाहून होते.

इंग्रजी अमलात बंदर ओसरत गेले. मुखाशी वाळूचा दांडा, आत गाळ. मोठ्या बुडाची जहाजे येईनात. मुंबई वाढली, आणि लोहमार्गाने देशावरचा माल थेट तिकडे ओढून नेला. जे शहर घोड्यांच्या व्यापारावर जगले ते नारळ, सुपारी, मासळी आणि मनीऑर्डरीवर जगू लागले. तरीला मात्र या काळात प्रथमच कायद्याचे रूप मिळाले. १८६८ साली मुंबई सरकारने तरींचा कायदा केला : सार्वजनिक तर कोणती हे सरकारने ठरवावे, उताराचे दर बांधून द्यावेत, वसुलीचा हक्क मक्त्याने द्यावा. म्हणजे कागदावर तर आली ती मक्त्याच्या रकमेपुरती. कोणी कोणास भेटण्यासाठी पार गेले, कोणत्या बाळंतिणीस पावसाळ्यातील कोणत्या रात्री चार वल्ह्यांवर पलीकडे नेले, हा जमाखर्च कोणत्याही वहीत नाही. आम्ही पेशाने कागदाचे चाकर. कागदाची ही उणीव आम्हाला इतरांहून अधिक टोचते.

मग आगबोट आली. मुंबईहून गोव्याकडे जाणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जाई. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत बोट दूर पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात मूल, आणि खाली वरखाली होणारा पडाव. चाकरमान्यांच्या तीन-चार पिढ्या अशा उतरल्या. दाभोळास उतरून चिपळूणकडे जाणारे लोक भरतीच्या वेळेवर लहान लाँचने खाडीतून वर जात. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीस पोहोचणे ही कित्येकदा दैवाधीन गोष्ट असे. १९८० चे दशक सरता सरता मुंबई-गोवा प्रवासी बोटींचा काळ संपला, आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वे चिपळूणवरून गेली, दाभोळवरून नव्हे. लिस्बनपासून होर्मुझपर्यंत ठाऊक असलेल्या बंदराकडे आता मुंबईहून सरळ असे काही येईनासे झाले.

राहिली ती तर. आमच्या आजीच्या तरुणपणी शिडाची आणि वल्ह्यांची होडी होती. ओहोटी असली की लुगडे वर खोचून चिखल तुडवीत तिच्यापर्यंत जावे लागे, आणि तांडेल बायकांना आधी बसवी. पुढे यंत्राच्या लाँच आल्या. २००३ साली मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. तिला तिकडे ‘जंगलजेटी’ म्हणतात. दाभोळहून धोपाव्यास रस्त्याने जायचे तर दापोली, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा; पाण्यावरून दहा-पंधरा मिनिटे. या एका हिशेबाने तरीला पुन्हा तारुण्य आले. गोव्याकडे निघालेले पुण्या-मुंबईचे प्रवासी मुद्दाम समुद्रकाठची वाट धरून येथे रांग लावू लागले.

खाडीच्या पाण्याविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकली पाहिजे, कारण आमच्या सहकाऱ्यांच्या ‘बिजलीघरा’चे खरे उत्तर तीत आहे. कोयना नदी मूळची पूर्ववाहिनी. ती कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जावयाचे. कोयना प्रकल्पात ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस पोफळीकडे पाडले, आणि १९६२ पासून त्यावर वीज निर्माण होऊ लागली. जनित्रे फिरवून झाली की ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे महाबळेश्वरच्या अंगाला पडलेला पाऊस आज दाभोळच्या धक्क्याखालून अरबी समुद्रास जातो. दाभोळचा विजेशी संबंध आहे तो हा, आणि त्याची नस्ती कोणी फारशी उघडत नाही. त्याच वाशिष्ठीत लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणीही येत राहिले. खाडीतील मासळी मरून वर येण्याचे प्रकार वारंवार घडले, आणि भोई, खारवी, दालदी अशा खाडीवर पोट असलेल्या लोकांनी त्याविरुद्ध पुष्कळ अर्ज केले. अर्ज हा शब्द लिहिताना आमची मान खाली जाते.

आता पुलाची वार्ता आहे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाच्या आराखड्यात ज्या खाड्यांवर मोठे पूल योजिले आहेत त्यांत दाभोळची खाडीही आहे. पूल व्हावा असेच आम्हाला वाटते. अपरात्री दुखणाईत माणसाला रुग्णालयात न्यायचे तर शेवटची फेरी केव्हाच सुटून गेलेली असते, आणि तरीच्या सौंदर्यावर दिल्लीत बसून निबंध लिहिणाऱ्यास तो वळसा पडत नाही. पण पूल गाडीसाठी असतो. तर धक्क्यावर आणून सोडते. तेथे चहाची टपरी असते, बोट येईपर्यंत थांबावे लागते, आणि थांबलेली माणसे एकमेकांस विचारतात की आपण कोणाचे. ‘कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय आमची दिल्लीत पार मोडली आहे. येथे विचारतात ते फक्त ‘कोणत्या मंत्रालयात?’

गेल्या डिसेंबरात रजा काढून आम्ही दाभोळास गेलो होतो. आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. सकाळची वेळ, भरती चढत होती. मशिदीच्या घुमटावर ऊन आले होते आणि पलीकडे धोपाव्याचा डोंगर अजून सावलीत होता. कौटिल्याची सवलत दाभोळास चालू नाही. आम्ही रांगेत उभे राहून तिकीट काढले. तिकीट देणाऱ्या मुलाने सहज विचारले, “पलीकडे कोणाकडे?” आम्ही आजीच्या माहेरचे आडनाव सांगितले. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “त्यांचे घर आता बंद असते. पण वाडीत विचारा, कोणी ना कोणी ओळखील.” सात-आठ मोटारी, तितक्याच दुचाकी, सिमेंटच्या गोण्यांचा एक टेम्पो, आणि माणसे, सर्व चढले तशी फळी वर गेली आणि बोट हलली. खाडीच्या मध्यावर वारा एकदम समुद्राकडचा झाला. डावीकडे चिपळूणची वाट, उजवीकडे अंजनवेलचे टोक आणि त्यामागे त्या गाजलेल्या प्रकल्पाची धुराडी.

धोपाव्यास फळी खाली येण्यापूर्वीच मोटारवाल्यांनी इंजिने सुरू केली. पण सर्वांच्या पुढे कठड्याशी एक म्हातारी मासळीची रिकामी पाटी घेऊन उभी होती. खलाशाने हात आडवा धरून गाड्या थांबवल्या, आणि ती उतरून वाळूच्या कडेने चालू लागल्यावर मग त्याने हात बाजूला घेतला.